ऑडिशनचा उतारा बसवायला येताय? आधी पूर्ण नाटक वाचा

दादरला आमच्याकडे ऑडिशनचे उतारे बसवून घ्यायला मुलं-मुली येतात. कुणाला दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात जायचं असतं, कुणाला कलिन्याला मुंबई विद्यापीठाच्या नाट्यविभागात, कुणाला पुण्याच्या ललित कला केंद्रात. फोनवर सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच: किती बैठका लागतील? नाटक वाचलेलं असेल तर साधारण तीन. नसेल तर चार, कारण पहिली बैठक कथानक समजून घेण्यातच जाते.

अडचण नेमकी काय होते ते सांगतो. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकात खोट्या खटल्यात आरोपी केलेल्या बेणारे या शिक्षिकेचं शेवटचं मनोगत दरवर्षी अनेक मुली निवडतात. मोबाइलवर बघून पाठ केलेलं असतं आणि पहिल्या वाक्यापासून त्या कोर्टावर ओरडायला लागतात. पण तेंडुलकरांनी तिथे बाकीची पात्रं गोठवून ठेवली आहेत. बेणारेचं कुणीच ऐकत नाही. ते संपल्यावर न्यायाधीश झालेले काशीकर वेळ संपल्याचं सांगतात, आरोपीला काही सांगायचं नाही असं ठरवून पुढे जातात. म्हणजे एवढं सगळं ती बोलली ते कोर्टाच्या लेखी बोललीच नाही! हे कळलं की आवाज आपोआप खाली येतो, नजर बदलते. हे त्या उताऱ्यात नाही, आधीच्या आणि नंतरच्या पानांवर आहे. क्लिप पाहून दुसऱ्या नटीचे पॉज तेवढे उचलले जातात, आणि ते मोडायला नव्याने बसवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. १९६७ साली सुलभा देशपांडे यांनी बेणारे उभी केली तेव्हा त्यांच्यापुढे नक्कल करायला कुणी नव्हतं, संहिता होती.

म्हणून नाव नोंदवताना आम्ही तीन गोष्टी विचारतो: हे कोण बोलतंय, कुणाशी, आणि याच्या लगेच आधी काय घडलंय? उत्तरं आली नाहीत तर पुढच्या आठवड्याची वेळ देतो. “पैसे देतोय, तर गोष्ट तुम्हीच सांगा” असं काही पालक म्हणतात. सांगता येईल, पण परीक्षकांसमोर आम्ही नसतो. ते उतारा मध्येच थांबवून नाटकाबद्दल विचारतात, “हेच आता बसून, हळू म्हणून दाखवा” असंही सांगतात. नाटक वाचलेला मुलगा तिथे अडखळत नाही.

पुस्तक मिळत नसेल तर दादर पूर्वेचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय गाठा. १८९८ पासूनची संस्था आहे, दुकानात न मिळणारी जुनी नाटकंही तिथे शोधता येतात. आमच्या कपाटातल्या संहिताही दुपारी इथे बसून फुकट वाचता येतात, बैठक घेतलेली नसली तरी. घरी मात्र देत नाही.

आईवडिलांचा प्रश्न वेगळा असतो: यात पोट भरतं का? व्यावसायिक नाटकात नटाला नाईट, म्हणजे दर प्रयोगामागे मानधन मिळतं, महिन्याचा पगार नसतो. प्रायोगिक नाटकात त्याहून बरंच कमी. म्हणून बहुतेक जण सोबत मालिका, डबिंग किंवा नोकरी करतात. प्रकाशयोजना, नेपथ्य, रंगभूषा शिकलेल्या मुलांकडेही आमचं लक्ष असतं, त्यांची गरज प्रत्येक नाटकाला असते. दिल्लीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे, शिष्यवृत्तीही मिळते. पण तिथे पदवीबरोबर नाटकांत काम केल्याचा अनुभवही लागतो, तेव्हा एकांकिका स्पर्धांची प्रमाणपत्रं आणि प्रयोगांची पत्रकं आजपासून जपून ठेवा. नेमक्या अटी त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहा.

बैठक दीड तासाची, फी ८०० रुपये. तीन एकदम घेतल्या तर २,१०० रुपये, आणि त्यात शेवटच्या दिवशी चार अनोळखी माणसांसमोर उतारा करून दाखवायची सोय. परीक्षेच्या किमान महिनाभर आधी या. आदल्या आठवड्यात आलेल्यांना आम्ही नाही म्हणतो, घाईत बसवलेला उतारा मंचावर सुटतो. येताना संहिता कागदावर आणा, मोबाइलमधला फोटो नको. आपल्याला त्यावर पेन्सिलने खुणा करायच्या आहेत.