फायरफॉक्स म्हणतो ऑर्गनायझेशन, आपलं तर हळदीचं दुकान!

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाला आणि सांगलीत माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जुन्या पीसींवर लिनक्स चढलं. पीसी मस्त पळतात, पण थोडे दिवस गेले की कुणाचातरी फोन ठरलेला. परवा मार्केट यार्डातनं एक दोस्त, "अरे सेटिंगमधे वर लिहून येतंय की हा ब्राउझर तुमची ऑर्गनायझेशन मॅनेज करतीय, आता माझं हळदीचं दुकान, माझी कुठली आली ऑर्गनायझेशन, हॅक झालाय काय?"

बहुतेक वेळा नाही. कंपन्या-कॉलेजांना ढीगभर मशीनवर एकसारखे नियम लावायचे असतात, त्यासाठी फायरफॉक्सनं २०१८ ला ६० व्या व्हर्जनमधे पॉलिसीची सोय आणली. ब्राउझर चालू होताना ठरलेल्या जागी 'पॉलिसीज डॉट जेसन' नावाची फाईल आहे का एवढंच बघतो, असली की पाटी लावून मोकळा, मग ती कुणी का ठेवलेली असेना. लिनक्सवर कधीकधी फायरफॉक्सचं पॅकेज (इन्स्टॉल करायचा गठ्ठा) बनवणारेच ती ठेवतात, कारण अपडेट सिस्टीमकडनं येणार असतं, फायरफॉक्सनं आपलं आपण करायला नको.

अ‍ॅड्रेस बारमधे 'अबाउट कोलन पॉलिसीज' टाका, कुठले नियम लागू आहेत ते समोर दिसतं. नुसतं अपडेट बंद असेल तर सोडून द्या. पण अनोळखी सर्च इंजिन किंवा जबरदस्तीनं बसवलेलं एक्स्टेंशन दिसलं तर मात्र फाईल शोधायची, ईटीसी (सिस्टीमच्या सेटिंगचा फोल्डर) मधल्या फायरफॉक्सच्या पॉलिसीज फोल्डरमधे नाहीतर जिथं फायरफॉक्स इन्स्टॉल झालाय तिथल्या डिस्ट्रिब्युशन फोल्डरमधे. तिथं लिहायला रूटचे, म्हणजे सिस्टीमच्या मुख्य मालकाचे, अधिकार लागतात, म्हणजे बऱ्याचदा आपणच पासवर्ड घालून कुठलातरी इन्स्टॉलर चालवलेला असतो, हे कुणी कबूल करत नाही ती गोष्ट वेगळी. क्रोममधे पान आहे 'क्रोम पॉलिसी'चं, आणि फोल्डर दोन: 'मॅनेज्ड'मधला नियम आपल्याला हलवता येत नाही, 'रेकमेंडेड'मधला येतो.

आता दुसरी तक्रार, सेटिंग सेव्हच होत नाही. लोक ही पाटीच्याच पोत्यात भरतात पण फरक सोपा आहे. पॉलिसीनं लॉक केलेलं बटण करडं पडतं, दाबताच येत नाही. इथं बटण दाबलं जातं, बदल दिसतो, आणि ब्राउझर बंद करून उघडला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

याच दोस्ताकडं तेच झालेलं. फायरफॉक्स आपल्या बदललेल्या सेटिंग प्रोफाईल फोल्डरमधल्या 'प्रेफ्स डॉट जेएस' फाईलीत लिहितो. फोल्डर उघडून बघितला तर शेजारी प्रेफ्स-१, प्रेफ्स-२ अशा फाईली साचलेल्या. हीच खूण, लिहायचा प्रयत्न होतोय पण मूळ फाईल हात लावू देत नाहीय. फाईल कुणाच्या नावावर आहे ते दाखवणारी 'एलएस मायनस एल' कमांड मारल्यावर मालकाच्या जागी दोनदा 'रूट' आलं. जुन्या बॅकअपमधनं फाईल आणताना कमांडच्या पुढं 'सुडो' (रूटच्या अधिकारानं चालव) लावलेलं, त्यामुळं फाईल रूटच्या नावावर झाली आणि दुकानाच्या युजरला ती नुसती वाचायला मिळाली. उपाय असा, फायरफॉक्स आधी पूर्ण बंद करायचा, मग 'चोन' कमांडनं फाईल आपल्या युजरच्या नावावर करायची आणि त्या आकड्यावाल्या फाईली उडवायच्या.

मालक बरोबर असेल तर 'युजर डॉट जेएस' आहे का बघा. इंटरनेटवरनं प्रायव्हसीसाठी म्हणून ती उतरवून टाकणारे बरेच असतात, आणि तिच्यातल्या ओळी प्रत्येक वेळी चालू होताना आपल्या सेटिंगवर बसतात. फक्त लॉगिनच उडत असतील तर बंद करताना कुकीज पुसायची टिक लागलीय का बघा. डिस्क भरलीय का तेही 'डीएफ मायनस एच'नं बघून घ्या. आणि लिनक्स अजून पेनड्राईव्हवरनं लाईव्हच, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवत असाल तर यातलं काहीच करू नका, पर्सिस्टन्स (बदल पेनड्राईव्हवर जपून ठेवायची सोय) चालू केल्याशिवाय तिथं सगळं रॅममधे राहतं, पीसी बंद की सेटिंग गायब.