अख्ख्या पेठेने एकच पुस्तक वाचायचं, तर पैसे कुठून आणायचे? सोलापूरच्या वाचनालयांसाठी अर्जाची माहिती

एका गावाने किंवा पेठेने ठरवून महिना-दीड महिना एकच पुस्तक वाचायचं आणि मग जमून त्यावर बोलायचं, ही कल्पना 1998 मध्ये अमेरिकेतल्या सिएटलच्या सार्वजनिक ग्रंथालयातून पुढे आली. 2006 पासून तिथल्या केंद्र सरकारच्या कला निधीने त्यासाठी ‘बिग रीड’ नावाची अनुदान योजना चालवली. अनुदान लहानच, पुढच्या काळात साधारण 5,000 ते 20,000 डॉलर, आणि अट अशी की तेवढीच रक्कम संस्थेने स्वतः उभी करायची. तो अर्ज फक्त तिथल्या संस्थांसाठी होता. आपल्याकडे ‘सामूहिक वाचन अनुदान’ या नावाने शोधत बसलात तर वेळ जाईल. पैसे आहेत, पण वेगळ्या नावांखाली, आणि आपला उपक्रम त्या नावात बसवून मागावा लागतो.

शासनमान्य वाचनालय असेल तर सुरुवात घरापासून करा. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली मान्यता मिळालेल्या अ, ब, क, ड वर्गाच्या ग्रंथालयांना शासनाकडून जे परिरक्षण अनुदान, म्हणजे ग्रंथालय चालवण्याचा पैसा मिळतो, त्यातलं निम्मं वेतनावर आणि निम्मं वेतनेतर बाबींवर खर्च होतं. ग्रंथखरेदी या दुसऱ्या निम्म्यात येते. वर्षाच्या खरेदीत एकाच पुस्तकाच्या पंचवीस-तीस प्रती घ्यायच्या असतील, तर आधी कार्यकारी मंडळाचा ठराव करा आणि जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात विचारून घ्या. एकाच शीर्षकाच्या इतक्या प्रती पाहून लेखापरीक्षक भुवई उंचावणारच. ठरावात उपक्रमाचा उल्लेख असला की उत्तर तयार असतं.

दुसरा मार्ग कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानचा. 1972 मध्ये स्थापन झालेली ही संस्था केंद्रीय संस्कृती मंत्रालयाखाली येते. तिच्या समान निधी योजनेत राज्याचाही वाटा असतो. असमान निधी योजनेसाठी मात्र ग्रंथालयाने स्वतः प्रस्ताव द्यायचा असतो. बाल ग्रंथालय किंवा बाल कोपरा, ज्ञान कोपरा, 50, 60, 75, 100 अशी महोत्सवी वर्षं साजरी करणं, राष्ट्रीय स्तरावरची चर्चासत्रं आणि जनजागृती कार्यक्रम असे विषय त्यात येतात. पेठेतल्या वाचनाला ‘राष्ट्रीय चर्चासत्र’ म्हणून मागू नका, तो प्रस्ताव टिकणार नाही. मुलांना केंद्रस्थानी ठेवत असाल तर बाल कोपरा हे शीर्षक बरोबर बसतं. वाचनालयाचं पंचाहत्तरावं किंवा शंभरावं वर्ष असेल तर महोत्सवी वर्षाचा प्रस्ताव करा आणि सामूहिक वाचन हाच त्यातला मुख्य कार्यक्रम ठेवा. सत्कार आणि हारतुऱ्यांपेक्षा तो पैसा इथे जास्त सार्थकी लागेल, असं माझं स्पष्ट मत आहे.

ग्रंथालय संचालनालय दरवर्षी या योजनेसाठी प्रस्ताव मागवतं. अर्जाचा नमुना प्रतिष्ठानच्या संकेतस्थळावर मिळतो. तो इंग्रजी किंवा हिंदीत भरून जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे द्यायचा असतो. आतापर्यंत चार प्रती मागितल्या जात आल्या आहेत, पण त्या वर्षीचं परिपत्रक वाचूनच झेरॉक्स काढा. कोलकात्याला परस्पर पाठवलेलं पाकीट कामाचं नाही.

मान्यता नसलेल्या मंडळांना, महिला संस्थांना किंवा मित्रमंडळांना सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी कायद्याने समाजकामावर खर्चायच्या पैशाचा रस्ता मोकळा आहे. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक ग्रंथालयांचा नाव घेऊन उल्लेख आहे आणि शिक्षणही आहे. पाच कोटी निव्वळ नफ्याची कंपनीही या कायद्याखाली येते, त्यामुळे फक्त बड्या नावांकडेच जायला हवं असं नाही. टॉवेल-चादरीचा मोठा कारखानदारही चालेल, फक्त त्याचा कारखाना कंपनी म्हणून नोंदलेला हवा, भागीदारी पेढी नको. आपल्या जिल्ह्यात इथे एक घोळ हमखास होतो. लोक साखर कारखान्याकडे सीएसआर मागायला जातात. सहकारी कारखाना ही सहकारी संस्था असते, कंपनी नव्हे, त्यामुळे तिला सीएसआरचं हे बंधन लागू होत नाही. तिथे साधी देणगी मागा. खासगी कारखान्याकडे मात्र सीएसआर म्हणून मागता येतं. त्यासाठी आपल्या संस्थेकडे आयकर सवलतीची 12अ आणि 80जी नोंदणी, तीन वर्षांचं काम आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाकडचा सीएसआर-1 क्रमांक लागतो. हे सीएकडून करून घ्या.

परदेशातल्या नातेवाइकांकडून पैसे घेताना जपून. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी परकीय योगदान ठरत नाही. पण त्याने तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर तो सख्खा पुतण्या असला तरी कायद्याच्या दृष्टीने परकीय स्रोत, आणि एफसीआरए (परकीय योगदानाचा कायदा) नोंदणीशिवाय त्याची देणगी संस्थेला घेता येत नाही.

आता कागदपत्रं. खरी अडचण इथेच असते, कल्पनेत नसते. 1860 च्या कायद्याखालचं संस्था नोंदणी प्रमाणपत्र, 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालचं न्यास नोंदणी प्रमाणपत्र, संस्थेच्या घटनेची प्रत, पॅन, एनजीओ दर्पण (स्वयंसेवी संस्थांची सरकारी ऑनलाइन नोंदणी) क्रमांक, रद्द केलेला धनादेश, मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, ग्रंथालय असेल तर मान्यतेचा आदेश आणि चालू वर्गाचा पुरावा, जागेचे कागद, कार्यकारी मंडळाचा ठराव. हे सगळं बहुतेकांकडे फाइलला लावलेलं असतं. नसतं ते ताजं परिशिष्ट-1. धर्मादाय कार्यालयाच्या या उताऱ्यावर पंधरा वर्षांपूर्वीचे विश्वस्त दिसतात, त्यातले दोघे हयात नसतात, आणि ठरावावर सह्या असतात भलत्याच लोकांच्या. अर्ज तिथेच अडतो. विश्वस्त बदलले की 90 दिवसांत फेरफार अर्ज द्यायचा असतो. राहून गेला असेल तर विलंब माफीच्या विनंतीसह आजच द्या, कारण त्याचा निकाल लागेपर्यंत अनुदानाची मुदत थांबत नाही.

अंदाजपत्रक एका पानात बसवा. समजा 150 रुपयांच्या पुस्तकाच्या 80 प्रती, म्हणजे 12,000 रुपये. सहा बैठकांचा चहा आणि सतरंज्या-माइकचं भाडं 6,000, वक्त्यांचा प्रवास 4,000, पत्रकं आणि फलक 3,000. एकूण 25,000. यातलं संस्था किती घालणार ते आकड्यात लिहा. स्वतःचा हिस्सा न दाखवता सगळेच्या सगळे मागणारा अर्ज मागे पडतो. पुस्तकांची झेरॉक्स काढून खर्च वाचवायचा मोह नको, तो स्वामित्वहक्काचा भंग आहे. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं उलटली असतील तर मूळ पुस्तक स्वतः छापायलाही हरकत नसते.

उपक्रमाचा आराखडा लिहिताना सोलापूर डोळ्यांसमोर ठेवा. पूर्व भागात घरी तेलुगू बोललं जातं, अक्कलकोटकडे कन्नड. मराठी शाळेत शिकलेली मुलगी आईला परिच्छेद वाचून दाखवेल आणि तेलुगूत समजावेल, असं एक वाक्य अर्जात घातलं तर वाचणाऱ्याला चित्र दिसतं. विड्या वळणाऱ्या बायकांची बैठक त्या माल देऊन परत आल्यावर ठेवा, यंत्रमागावरच्यांची पाळी बघून. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत कुणी फिरकणार नाही. मार्चमध्ये परीक्षा आणि एप्रिल-मेच्या दुपारी तर नावच नको. गणपती-नवरात्र उरकल्यावर दिवाळीपासून डिसेंबरअखेरपर्यंतचा काळ बरा.

पैसे आले की पुस्तकं आधी दाखल नोंदवहीत चढवा, मगच वाटा. प्रत्येक बैठकीची हजेरी वहीत सहीने घ्या, फोटोवर तारीख येऊ द्या, बिलं संस्थेच्या नावाने घ्या आणि शक्यतो धनादेशाने भागवा. शेवटी पैसे ठरल्या कामावरच खर्च झाले असं सांगणारं, सीएच्या सहीचं उपयोगिता प्रमाणपत्र मुदतीत द्यावं लागतं. ते थकलं तर पुढच्या वर्षीचा अर्ज कुणी उघडूनही बघत नाही. हरवलेल्या प्रतींची यादी लपवू नका, कार्यकारी मंडळापुढे ठेवून रीतसर निर्लेखित करा, म्हणजे नोंदीतून कमी करा. ऐंशीतल्या सात-आठ प्रती परत येत नाहीतच.