भांगेत तुळस, कायद्यात भांग

गांजा पकडल्याचा कुठलाही पंचनामा काढून वाचा. ‘उग्र वासाचा, पाने, फुले, बिया व काड्या मिश्रित गांजा’ अशा धाटणीची ओळ हमखास सापडते. लिहिणाऱ्याच्या हाताला ती सवयीने येते. बचावाचा वकील मात्र नेमका तिथेच बोट ठेवतो, कारण कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंडा सोबत नसेल तर नुसती पाने आणि बिया म्हणजे गांजा नव्हे. मग मुद्देमालात फुले किती आणि पाला किती, हे वेगळे करून तोलले का? 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याच प्रश्नावर एका आरोपीला जामीन दिला.

झाड एकच. पाने वाटून, घोटून केली ती भांग. मादी झाडाचा फुलोरा म्हणजे गांजा. त्याचा चीक म्हणजे चरस. काशीत भांगेचे दुकान सरकारी परवान्यावर चालते आणि त्याच रस्त्यावर चिलीम ओढणारा तुरुंगात जाऊ शकतो. फांदीवरच्या पानाला माफी आणि टोकावरच्या फुलाला शिक्षा, हा भेद कुठल्या वैद्याने केलेला नाही. तो एका आंतरराष्ट्रीय कराराच्या कलमातून आला. आणि ओढणाऱ्याला शिक्षा करा, असे तर त्या करारानेही सांगितले नव्हते.

सुरुवात 1893 पासून करावी लागते. इंग्लंडमध्ये दारूबंदीवाल्यांचा जोर होता. हिंदुस्थान सरकार गांजावर कर घेऊन वेड्यांची इस्पितळे भरते आहे, असा त्यांचा आरोप होता. पार्लमेंटात प्रश्न आला, तेव्हा सरकारने सात जणांचा आयोग नेमला. अध्यक्ष मॅकवर्थ यंग, सदस्यांत तीन हिंदी. आयोगाने हिंदुस्थानभर फिरून 1,193 साक्षीदारांची म्हणणी गोळा केली. त्यांत सिव्हिल सर्जन, कलेक्टर, मिशनरी, वैद्य, व्यापारी सगळे आले. 1894 मध्ये तयार झालेला अहवाल सात खंडांचा आहे. गांजाबद्दल इतकी कसून चौकशी आपल्याकडे त्याआधी झाली नव्हती, आणि खरे सांगायचे तर नंतरही नाही.

त्यातला मला सगळ्यात आवडणारा भाग वेड्यांच्या इस्पितळांचा. ‘गांजामुळे वेड लागले’ अशा नोंदी रजिस्टरात भरपूर होत्या. आयोग 1892 सालच्या एकेका रुग्णाच्या कागदाच्या मागे लागला. कागद कुठून येतात? रस्त्यावर भरकटलेला माणूस पोलीस आणतात. फॉर्ममध्ये ‘वेडाचे कारण’ असा रकाना असतो आणि तो रिकामा ठेवता येत नाही. घरचे कोणी सोबत नसते. मग पोलीस किंवा कारकून ‘गांजा’ लिहून मोकळा होतो, डॉक्टर तेच उतरवून घेतो, आणि वर्षाअखेरीस त्याची आकडेवारी होऊन ती लंडनला जाते. अनेक प्रकरणांत त्या माणसाने गांजाला कधी हात लावल्याचाही पुरावा निघाला नाही. सरकारी रकान्याची ही ताकद ज्याने तालुक्याच्या कचेरीत एकदा तरी अर्ज भरला आहे त्याला वेगळी सांगायला नको.

मुंबईचा या अहवालाशी जवळचा संबंध आहे. आपल्या जिल्ह्यांची जुनी गॅझेटिअर ज्याच्या देखरेखीखाली तयार झाली, त्या जेम्स कॅम्पबेलने आयोगासाठी भांगेच्या धर्माबद्दल एक टिपण लिहिले. तेव्हा तो मुंबईत जकात आणि अफूचा कलेक्टर होता. ज्याच्या खात्याने त्यावर कर वसूल करायचा, त्याने शंकराच्या आवडत्या पानाबद्दल जवळजवळ भक्तिभावाने लिहावे, ही गंमतच. हे झाड आपल्या मुलखात परके कधीच नव्हते. ‘भांगेत तुळस’ ही म्हण ज्यांनी रूढ केली त्यांनी भांगेचा ताटवा डोळ्यांनी पाहिला असणार.

आयोगाचा निष्कर्ष असा: बेताने घेतल्यास अपाय नगण्य, अतिरेक वाईट, आणि बहुसंख्य लोक बेतानेच घेतात. तेव्हा बंदी नको. लागवड ठरलेल्या भागात ठेवा, कर वाढवा, परवाने द्या, एका माणसाजवळ किती असावा याला मर्यादा घाला. बंदी घातली तर साधू-फकीर बिथरतील आणि लोक याहून वाईट नशेकडे वळतील, ही भीती अहवालात स्पष्ट आहे. यात सगळा शहाणपणाच होता असे नाही, सरकारला महसूलही हवा होता. आणि तीन हिंदी सदस्यांपैकी दोघांनी असहमती नोंदवली, हेही विसरून चालत नाही. गोऱ्या साहेबांपेक्षा आपली माणसे गांजाला जास्त कडक होती.

पुढची सत्तर वर्षे हेच धोरण थोड्याफार फरकाने चालले. बंगालात राजशाहीकडचे नवगाव गांजाचे आगर होते. ते आज बांगलादेशात आहे. तिथे नर झाडे ओळखून उपटायला खास जाणकार असत, कारण नराचा पराग लागला की मादीच्या फुलोऱ्यात बी धरते आणि माल उतरतो. तोडलेले शेंडे पसरून पायांनी तुडवत, त्याचा चपटा गांजा होई. नंतर सरकारी गोदाम, सरकारी मोहोर, सरकारी कर. शेतकऱ्यांची सहकारी संस्थासुद्धा होती. मुंबई प्रांताने मात्र 1949 मध्ये, मोरारजी देसाई गृहमंत्री असताना, दारूबंदी कायदा केला आणि दारूबरोबर गांजा-भांगही त्यात घातली. म्हणून होळीला काशीची भांग बघून हरखणाऱ्या मराठी माणसाने ध्यानात ठेवावे: केंद्राच्या कायद्यातून सुटलेले पान महाराष्ट्राच्या दारूबंदी कायद्यातून सुटलेले नाही.

दरम्यान हा विषय जगाच्या टेबलावर गेला होता. 1924-25 च्या जिनिव्हा परिषदेत अफू आणि कोकेनबद्दल बोलणी चालू असताना इजिप्तच्या प्रतिनिधीने हशीशचा मुद्दा काढला आणि गांजा पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय यादीत गेला. मग 1961 चा न्यूयॉर्कचा अंमली पदार्थांविषयीचा एकत्रित करार आला. त्यात गांजा हेरॉइनच्या पंगतीला बसला. भारताने धार्मिक आणि रूढ वापराचा मुद्दा लावून धरला. त्यातून दोन गोष्टी पदरात पडल्या: व्याख्येतून शेंड्याशिवायची पाने वगळली गेली, आणि रूढ वापर बंद करायला करार लागू झाल्यापासून 25 वर्षांची मुदत मिळाली. करार डिसेंबर 1964 मध्ये अमलात आला. म्हणजे मुदत 1989 पर्यंत.

या कराराचे कलम 36 शिक्षेबद्दल आहे. लागवड, उत्पादन, बाळगणे, विकणे, वाहतूक अशी लांबलचक यादी त्यात आहे. सेवन हा शब्द त्या यादीत नाही.

1985 साली मुदत संपत आली होती आणि घरात वेगळीच आग लागली होती. मुंबई-पुण्यात तेव्हा ‘गर्द’ हा शब्द घरोघरी पोचला होता. ब्राऊन शुगरने पोरे जात होती. अनिता आणि अनिल अवचट यांचे मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 मध्ये पुण्यात उभे राहिले ते याच काळात. ती भीती खरी होती. त्या वातावरणात ऑगस्टच्या अखेरीस संसदेत विधेयक आले, दोन्ही सभागृहांत झटपट मंजूर झाले, सप्टेंबरमध्ये राष्ट्रपतींची सही झाली आणि 14 नोव्हेंबर 1985 पासून एनडीपीएस, म्हणजे केंद्राचा अंमली पदार्थविरोधी कायदा लागू झाला. गर्दसाठी विणलेल्या जाळ्यात चिलीमही आली. कलम 27 प्रमाणे सेवन हाच केंद्रीय कायद्याने गुन्हा ठरला. 1894 च्या आयोगाने नको म्हटलेले आणि 1961 च्या कराराने न मागितलेले आपण आपल्या हाताने लिहिले.

नंतरच्या दुरुस्त्या आधी कडक, मग थोड्या सैल. 1989 मध्ये जामीन अवघड झाला आणि मोठ्या साठ्याचा गुन्हा दुसऱ्यांदा केल्यास थेट फाशी आली. मुंबईच्या विशेष न्यायालयाने चरसच्या प्रकरणात एकाला तशी फाशी ठोठावलीही होती. 2011 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही सक्तीची फाशी घटनाबाह्य ठरवली. 2001 मध्ये वजनाप्रमाणे पायऱ्या आल्या: गांजा एक किलोपर्यंत अल्प, वीस किलोपासून व्यापारी. चरसाचे आकडे 100 ग्रॅम आणि एक किलो. आज स्थिती अशी, की गांजा ओढला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तोच गांजा ओढायच्या आधी खिशात सापडला, तर 2014 च्या दुरुस्तीनंतर वर्षापर्यंत कैद. पेटवलेली चिलीम न पेटवलेल्या चिलमीपेक्षा स्वस्त. कलम 64-क खाली व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला तयार झाला तर खटल्यातून सुटू शकतो. शनिवारी मित्रांत एखादा झुरका मारणारा व्यसनी नसतो, त्यामुळे त्याला ती वाट नाही.

सरकारनेच एम्सकडून करवून घेतलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतलेले लोक सुमारे 3.1 कोटी. यातले निम्म्याहून अधिक भांगवाले. उरलेल्यांपैकी पकडला कोण जातो? मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयांत 2017 आणि 2018 मध्ये निकाली निघालेली दहा हजारांवर प्रकरणे विधी सेंटर या संस्थेने तपासली. जवळपास सगळी सेवनाची, बहुतेक गांजाची. शिक्षा झालेल्यांनी गुन्हा कबूल केलेला होता.

कबूल करणेच परवडते, म्हणून. फुटपाथवर, पुलाखाली, रेल्वेच्या कडेला राहणारा माणूस ‘मिळून येतो’. घरात, कडी लावून ओढणारा मिळून येत नाही. लढायचे तर वकील, तारखा आणि तितक्या दिवसांची बुडालेली मजुरी. त्यापेक्षा ‘गुन्हा कबूल आहे का?’ या प्रश्नाला मान हलवायची, दंड भरायचा आणि संध्याकाळपर्यंत नाक्यावर परतायचे. नाव तेवढे रजिस्टरात चढते, 1892 च्या वेड्यांसारखे.

2 डिसेंबर 2020 रोजी व्हिएन्नात संयुक्त राष्ट्रांच्या अंमली पदार्थ आयोगाने 1961 च्या कराराच्या सर्वात कडक यादीतून गांजा काढला. ठराव 27 विरुद्ध 25 मतांनी निसटता मंजूर झाला. बाजूने मत देणाऱ्यांत भारत होता. पुढच्या वर्षी केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने, स्वतःपुरता अल्प साठा बाळगणे गुन्ह्यातून वगळावे अशी सूचना महसूल विभागाकडे पाठवल्याच्या बातम्या आल्या. मुंबईच्या क्रूझवर अंमली पदार्थांसाठी पडलेल्या छाप्याने तेव्हा सगळी चॅनेले व्यापली होती, त्यामुळे चार दिवस त्यावर चर्चाही झाली. कलम 27 होते तिथेच आहे.