पार्श्वभूमी : थेंबभर खाडी, स्वस्त कॅमेरा आणि ‘एक्स’चा घोळ

मालवणच्या खडकांतल्या डबक्याचं किंवा दाभोळच्या खाडीचं थेंबभर पाणी काचपट्टीवर घ्यावं आणि त्यातल्या कोपेपॉडचा, म्हणजे कोळंबीच्या गोतातल्या बारक्या जीवाचा, बरा फोटो काढावा, हे आज काही हजारांत जमतं. याचं निम्मं श्रेय कॅमेऱ्याचं नाही, ते आट्यांचं आहे. वस्तुभिंगाच्या, म्हणजे सूक्ष्मदर्शकाच्या वस्तूजवळच्या भिंगाच्या, मागचे ०.८ इंच व्यासाचे, इंचाला ३६ आटे १८५८ मध्ये लंडनला ठरले आणि अंबाल्यात बनणाऱ्या विद्यार्थी-सूक्ष्मदर्शकापर्यंत तसेच चालत आले. कॉलेजने मोडीत काढलेल्या यंत्राचं ४एक्स, म्हणजे चौपट वर्धनाचं, भिंग नव्या जुगाडावर सरळ बसतं ते त्यामुळे. सूक्ष्मदर्शकातून फोटो तर १८४० च्या दशकापासून निघत होते, पण पुढे फिल्मचा काळ संपेपर्यंत हे काम प्रयोगशाळेच्या अंधाऱ्या खोलीतच राहिलं. शटरच्या धक्क्याने हललेली चौकट रोल धुवून आल्यावरच कळायची.

घरगुती खटाटोप सुरू झाला वेबकॅममुळे. २००० च्या आसपासचे वेबकॅम ६४० × ४८० चे. त्यांचं भिंग आट्यांवरून काढायचं, उरलेला सेन्सर फिल्मच्या रिकाम्या डबीत बसवायचा आणि डबी टेप गुंडाळून सूक्ष्मदर्शकाच्या नळीवर घट्ट करायची. यात दोन अडचणी हमखास यायच्या. एक ड्रायव्हरची, सीडी हरवली की कॅमेरा मेला. २००३ मध्ये यूएसबी व्हिडिओची सामाईक पद्धत ठरली आणि हळूहळू ती कटकट गेली. दुसरी रंगाची. अवरक्त किरण अडवणारी काच बऱ्याच वेबकॅममध्ये भिंगाच्याच नळकांड्यात चिकटवलेली असते. भिंगाबरोबर तीही जाते आणि चित्र जांभळट येतं. साध्या बल्बच्या किंवा हॅलोजनच्या उजेडात हा दोष फार दिसतो, पांढऱ्या एलईडीत जवळजवळ नाही, कारण त्या उजेडात अवरक्त भाग नगण्य असतो. कित्येकांनी सेन्सर खराब म्हणून फेकून दिले. बदलायचा होता तो बल्ब.

रास्पबेरी पाय या एका बोर्डावरच्या छोट्या संगणकाचे कॅमेरे आल्यावर चित्र पालटलं. २०१३ मध्ये ५ मेगापिक्सेलचा आला, २०१६ मध्ये ८ चा. या दोन्हींचं टिचभर भिंग काढून सेन्सर उघडा वापरला की मधोमध एक छटा आणि कडांना दुसरी येते. सेन्सरवरची सूक्ष्म भिंगं त्या टिचक्या भिंगातून तिरक्या येणाऱ्या किरणांसाठी बसवलेली असतात, आणि नळीतून येणारे किरण जवळजवळ सरळ असतात. कोरी काचपट्टी ठेवून एक फोटो घ्यायचा आणि त्याने पुढचे फोटो भागायचे, एवढ्यावर बरंच निभावतं. २०२० चा १२.३ मेगापिक्सेलचा कॅमेरा सी-माउंटवर, म्हणजे कॅमेऱ्यांच्या भिंगांसाठीच्या एका ठरीव आट्यांच्या बैठकीवर, बसतो, सेन्सर ६.२९ × ४.७१ मिलिमीटर, अवरक्त काच बैठकीतच. त्यामुळे वरची दोन्ही दुखणी टळली. २०२१-२२ मध्ये चिपांचा दुष्काळ पडला तेव्हा हे बोर्ड मिळेनासे झाले आणि बरेच जण पुन्हा वेबकॅमकडे किंवा मोबाइलकडे वळले.

मोबाइल नेत्रभिंगाला टेकवावा की नेत्रभिंग काढून सेन्सरवर थेट प्रतिमा पाडावी, हा वाद अजून मिटलेला नाही. मोबाइलवाल्यांची बाजू सोपी आहे : कॅमेरा खिशात आहेच. पण नेत्रभिंगामागचा प्रकाशाचा ठिपका आणि मोबाइलचं भिंग मिलिमीटरभर जरी सरकलं तरी कोपरे काळे होतात, आणि तीन भिंगांचे मोबाइल ऐन वेळी स्वतःहून भिंग बदलतात. थेट पद्धत जास्त भरवशाची, मात्र तीही फुकट नाही. १६० मिलिमीटर नळीच्या यंत्रात मधली प्रतिमा नळीच्या वरच्या कडेखाली १० मिलिमीटरवर पडते. सी-माउंटमध्ये सेन्सर बैठकीपासून १७.५ मिलिमीटर मागे असतो. साधा जोडतुकडा लावला तर सेन्सर फारच वर राहतो. फोकस पुन्हा जुळवून ४एक्स, १०एक्सला हे खपून जातं, ४०एक्सला चित्रावर पातळ धुकं येतं. म्हणून वरची नळी काढून तिथे आखूड पीव्हीसी पाइप बसवावा. पाइपच्या आत काळा पॉलिशपेपर, खरखरीत बाजू आत करून, गुंडाळावा. नाहीतर आतल्या भिंतीवरून परावर्तित उजेडाचा गोल डाग चित्राच्या मध्यावर बसतो.

आता ‘एक्स’. या क्षेत्रात सगळ्यात जास्त पैसे या एका अक्षरापायी वाया गेले आहेत. वस्तुभिंगावर कोरलेला ४एक्स म्हणजे ठरलेल्या नळीवर प्रतिमा चौपट पडते, एवढंच. त्याला दहापट नेत्रभिंग जोडलं की ४०. इथवर हिशेब सरळ आहे, कारण शेवटी डोळा आहे. डोळ्याच्या जागी सेन्सर आला की चित्र कशावर पाहता त्यावर आकडा ठरायला लागतो. ३.६ मिलिमीटर रुंदीच्या सेन्सरवरचं चित्र ४८ सेंटिमीटर रुंद मॉनिटरवर दाखवलं तर भिंगाने काहीही न करता १३३ पट झालं. तेच १५ सेंटिमीटर रुंद मोबाइलवर सुमारे ४२ पट. म्हणजे मॉनिटर मोठा घेतला की यंत्र जास्त ‘शक्तिशाली’. पेनाएवढ्या यूएसबी सूक्ष्मदर्शकांच्या खोक्यावरचे ५००, १०००, १६०० एक्स यातूनच येतात.

खरा आकडा त्याच वस्तुभिंगावर शेजारी, तिरक्या रेघेनंतर छापलेला असतो : ०.१०, ०.२५, ०.६५. भिंग किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करतं ते हा आकडा सांगतो, आणि दोन ठिपके वेगळे दिसतील की नाही हे त्यावरच ठरतं. हिरवट उजेडात ४एक्स/०.१० ला ही मर्यादा ३.४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), १०एक्स/०.२५ ला १.३, ४०एक्स/०.६५ ला अर्धा मायक्रॉन. जुना ठोकताळा असा की उपयोगी वर्धन या आकड्याच्या ५०० ते १००० पट. ०.६५ चे झाले ३२५ ते ६५०. हवेत चालणारं भिंग जेमतेम ०.९५ पर्यंत पोचतं, तेव्हा भिंग आणि काच यांमध्ये तेलाचा थेंब न घालता १००० एक्स सांगणारं कोणतंही यंत्र पोकळ वर्धन विकतंय, म्हणजे धूसर डाग मोठा करून दाखवतंय. पेनासारख्या यंत्रावर तर हा दुसरा आकडा सहसा नसतोच. तो लपवून पहिला ठळक छापणं ही चूक नाही, चलाखी आहे.

उपाय सोपा आहे. फोटोखाली एक्स लिहू नये, चौकटीची रुंदी लिहावी. वर सांगितलेला ६.२९ मिलिमीटरचा सेन्सर ४एक्सवर १.५७ मिलिमीटर दाखवतो, १०एक्सवर ०.६३. मोजायला १ मिलिमीटरचे १०० भाग केलेली मापपट्टी उत्तम. ती नसेल तर ४एक्सला स्टीलची फूटपट्टी काचपट्टीच्या जागी ठेवून वरून उजेड पाडला तरी चालतं. दोन रेघांमधलं अंतर पिक्सेलमध्ये मोजायचं. हिवाळ्यात रात्री लाटेला निळसर चमक देणारा नॉक्टिल्युका साधारण अर्ध्या मिलिमीटरचा. ४एक्सवर तो चौकटीचा तिसरा हिस्सा व्यापतो. मिलिमीटरभर लांबीचा कोपेपॉड १०एक्सवर मावतच नाही. तरी नवखा माणूस १०एक्सपासूनच सुरुवात करतो.

उजेडाचं शिक्षण उशिरा झालं. सुरुवातीला आरसा आणि टेबललॅम्प, मग घरच्या विजेवरचे एलईडी. ५० हर्ट्झच्या विजेवर स्वस्त बल्ब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो आणि चित्रात आडवे पट्टे येतात. ५ व्होल्टच्या मोबाइल चार्जरवर १८ ओहमचा, अर्ध्या वॉटचा रोधक लावून एक पांढरा पॉवर एलईडी चालवला की सुमारे १०० मिलिअँपिअर मिळतात आणि पट्टे जातात. बारीक प्राण्याचा वेग सेकंदाला १ मिलिमीटर धरला तर सेकंदाच्या शंभराव्या भागात तो १० मायक्रॉन सरकतो. म्हणजे शटर १/१००० सेकंदाचं लागतंच. तेवढा उजेड नसेल तर थेंबात कापसाचे चार तंतू सोडून जागा अडवावी. आच्छादन काचेच्या चारही कोपऱ्यांना व्हॅसलिन लावावं, नाहीतर काचेच्या वजनाने प्राणी चिरडतो. खाडीच्या नमुन्यात नळाचं किंवा पावसाचं पाणी घालू नये, पेशी फुगून फुटतात. उलट दिव्याखाली थेंब सुकत गेला की खारटपणा वाढतो आणि कडेला मिठाचे स्फटिक दिसू लागतात; तिथे थांबावं.

नमुना गाळायच्या जाळीसाठी स्क्रीन प्रिंटिंगचं १२० नंबरचं कापड, भोक साधारण ५० मायक्रॉन. पावसाळ्यात खाडीच्या गाळाने ते दोन मिनिटांत तुंबतं, तेव्हा त्या दिवसांत सड्यावरची, म्हणजे खडकाळ पठारावरची, साचलेली गोड्या पाण्याची डबकी बरी. याच महिन्यांत भिंगांना बुरशी लागते. वस्तुभिंगं सिलिका जेलबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायची. ४०एक्सला समुद्राचं पाणी लागलंच तर आधी डिस्टिल्ड पाण्याने मीठ विरघळवावं, मग पुसावं. कोरडं पुसलं तर स्फटिकाचा ओरखडा कायमचा.

पुढची भर २०२३ ची, रास्पबेरी पायच्याच ग्लोबल शटरच्या कॅमेऱ्याची. आधीच्या सेन्सरमध्ये ओळी एकामागून एक वाचल्या जातात, त्यामुळे उडी मारणारा कोपेपॉड तिरका ताणलेला येतो आणि क्षणभराच्या फ्लॅशने अर्धीच चौकट उजळते. यात सगळ्या ओळी एकदम टिपल्या जातात. कागदावर तो फक्त १.६ मेगापिक्सेल, म्हणून लोक नाक मुरडतात. पण पिक्सेल ३.४५ मायक्रॉनचा, ४एक्सवर तो वस्तूवरचे ०.८६ मायक्रॉन व्यापतो, आणि ३.४ मायक्रॉन मर्यादेच्या भिंगाला त्याच्या निम्मे, म्हणजे १.७, पुरेसे आहेत. तपशील काहीच जात नाही. जाते ती चौकट : १.५७ ऐवजी सुमारे १.२५ मिलिमीटर, आणि त्यात मिलिमीटरभराचा कोपेपॉड मिशा पसरून जेमतेम बसतो.