बेल्हर विश्वासांगीकार

बेल्हर विश्वासांगीकार : दक्षिण आफ्रिकेतील डच रिफॉर्म्ड (कॅल्व्हिनप्रणीत प्रॉटेस्टंट) मिशन चर्चने वर्णभेदाला धर्माचा आधार देणाऱ्या शिकवणीविरुद्ध मांडलेला पाच कलमांचा विश्वासांगीकार (श्रद्धेचे अधिकृत निवेदन). केपटाउनजवळच्या बेल्हर या ‘कलर्ड’ (मिश्रवंशीय) लोकांसाठी राखलेल्या वस्तीत भरलेल्या सिनॉडने (चर्चच्या प्रतिनिधींच्या निर्णयसभेने) ऑक्टोबर १९८२ मध्ये त्याचा मसुदा स्वीकारला व सप्टेंबर १९८६ मध्ये त्याला अधिकृत मान्यता दिली. संदर्भग्रंथांतून कधी पहिले, तर कधी दुसरे वर्ष दिलेले आढळते. मजकूर १९८२ चा आणि त्याचे बंधनकारक स्थान १९८६ पासूनचे, असे मानणे अधिक योग्य. मूळ मजकूर आफ्रिकान्स भाषेत आहे.

या अंगीकाराचा रोख राजकीय सत्तेपेक्षा प्रभुभोजनाच्या (येशूच्या स्मरणार्थ एकत्र भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या) मेजाभोवती निर्माण झालेल्या पंक्तिभेदावर आहे, म्हणून त्या मेजाचा इतिहास आधी पाहणे आवश्यक ठरते.

मेजाचा प्रश्न (१८२९–१८८१) : केप वसाहतीत डच ईस्ट इंडिया कंपनीबरोबर रिफॉर्म्ड मंडळी आली व १६६५ मध्ये केपटाउनची मंडळी स्थापन झाली. बाप्तिस्मा घेतलेले गुलाम, मुक्त झालेले गुलाम आणि खोईखोई हे केपचे मूळचे लोक नियमाप्रमाणे त्याच मंडळीचे सभासद होत. शेतीभागात प्रभुभोजन साधारणपणे तीन महिन्यांतून एकदा होई. दूरदूरचे शेतकरी बैलगाड्यांतून येऊन चर्चभोवती चार-सहा दिवस तळ देत. मेज लांबलचक असे, सभासद तुकडीतुकडीने येऊन बसत आणि एकाच पेल्यातून द्राक्षारस घेत. कोण कोणाच्या आधी बसतो आणि पेला कोणाच्या हातून कोणाच्या हाती जातो, हे सगळ्या गावासमोर घडे. वाद तेथेच पेटला.

१८२९ मध्ये सॉमरसेट वेस्ट मंडळीतून आलेल्या प्रश्नावर केप सिनॉडने दिलेले उत्तर निःसंदिग्ध होते : वर्ण वा कुळ न पाहता सर्व सभासदांना प्रभुभोजन एकत्रच द्यावे. देवाच्या वचनावर आधारलेले हे अढळ तत्त्व असल्यामुळे तो चर्चेचा वा मतदानाचा विषयच होऊ शकत नाही, अशी सिनॉडची भूमिका होती. मात्र तत्त्व नोंदवले गेले, तरी ते मोडणाऱ्या मंडळीवर कारवाई करण्याची काही तरतूद त्यात नव्हती. पुढची घसरण इथूनच सुरू झाली.

१८३४ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली आणि सक्तीच्या उमेदवारीचा (जुन्या मालकाकडेच राबण्याचा) काळ धरून १८३८ मध्ये गुलाम प्रत्यक्षात मोकळे झाले. पूर्वी मालक आणि गुलाम एका मेजावर बसले, तरी बाहेरची उतरंड अबाधित राही. आता बाहेरची उतरंड ढासळल्यामुळे मेजावरचे सान्निध्य गोऱ्या सभासदांना खुपू लागले. १८५५ च्या सुमारास कॅट नदीच्या खोऱ्यातील स्टॉकेनस्ट्रॉम मंडळीत पंचेचाळीस गोऱ्या वसाहतवाल्यांनी वेगळ्या प्रभुभोजनाची मागणी केली. ही मंडळी मुख्यतः खोईखोईंची होती आणि गोरे तेथे नंतर आलेले होते, हे ध्यानात घेतले पाहिजे. प्रांतिक सभेने तत्त्व म्हणून ही मागणी नाकारली, पण ‘पूर्वग्रह आणि दुर्बलता’ यांना सांभाळून घेण्यासाठी आधीच्या सभासदांचे भोजन आटोपल्यावर गोऱ्यांसाठी निराळे मेज लावण्यास वाट करून दिली.

हाच सांभाळून घेण्याचा सूर १८५७ च्या सिनॉडमध्ये ठरावाला चढला. ग्राफ-रायनेटचे पाळक अँड्र्यू मरे (थोरले) यांनी मांडलेल्या या ठरावाची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. पूर्वार्धात, ख्रिस्ती झालेल्या मूळच्या लोकांना शक्य तेथे आपल्या मंडळ्यांतच सामावून घेणे इष्ट व शास्त्राला धरून आहे, असे म्हटले आहे. उत्तरार्धात, ‘काहींच्या दुर्बलतेमुळे’ हे सुवार्ताकार्याला अडसर ठरत असेल, तेथे त्यांना आपले ख्रिस्ती अधिकार वेगळ्या इमारतीत किंवा संस्थेत उपभोगता येतील, असे म्हटले आहे. अपवादाला मुदत घातलेली नव्हती, दुर्बल कोण हे ठरवणारी यंत्रणा नव्हती आणि वेगळ्या बसवलेल्या लोकांची संमती घेण्याची अटही नव्हती. परिणामी सवलत हाच नियम झाला. १८८१ मध्ये वेलिंग्टन येथे कलर्ड सभासदांसाठी डच रिफॉर्म्ड मिशन चर्च स्थापन झाले, तेव्हा वेगळ्या इमारतीची जागा वेगळ्या सिनॉडने घेतली. केपटाउनच्या सेंट स्टीफन्स या कलर्ड मंडळीने मात्र मूळ चर्च सोडले नाही. जुन्या नाट्यगृहाच्या इमारतीत भरणारी ही मंडळी बराच काळ या नियमाला एकमेव ठळक अपवाद होती.

विभक्ततेच्या धर्मशास्त्राचा उगम : याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. जुना आणि लोकप्रिय सिद्धांत असा, की बोअर लोक (डच वंशाचे वसाहतवाले शेतकरी) प्रारंभापासून स्वतःला जुन्या करारातील निवडलेली प्रजा समजत आणि कॅल्व्हिनच्या पूर्वनियतीच्या (तारणासाठी देवाने काहींना आधीच निवडले आहे, या) शिकवणीतून हा समज आला. इतिहासकार आंद्रे द्यू तॉई यांनी १९८० च्या दशकात या सिद्धांताची छाननी केली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीच्या बोअर कागदपत्रांत असा समज जवळजवळ आढळत नाही आणि तो नंतर मागे जोडला गेला, असे त्यांनी दाखवले. त्यांचे म्हणणे आता बहुतेकांना मान्य आहे. दुसरा पक्ष नेदरलँड्समधील अब्राहम काइपर यांच्या ‘स्वतंत्र सार्वभौम क्षेत्रे’ या कल्पनेकडे बोट दाखवतो. काइपर यांनी कुटुंब, राज्य, चर्च अशी क्षेत्रे मानली होती. ‘वंश’ किंवा ‘राष्ट्र’ हे त्यांत घालण्याचे काम १९३० नंतरच्या आफ्रिकानर विचारवंतांनी केले.

तिसरा पक्ष जर्मन मिशनशास्त्रावर, विशेषतः गुस्ताफ वार्नेक यांच्यावर भर देतो. मिशनकार्याचे उद्दिष्ट एकेक माणूस नसून एकेक लोकसमूह ख्रिस्ती करणे हे आहे आणि प्रत्येक समूहाची स्वतःची मंडळी असावी, अशी ही मांडणी होती. एन. जी. कर्क (नेडरडॉइत्स खेरेफॉर्मीर्ड कर्क, म्हणजे गोऱ्यांचे डच रिफॉर्म्ड चर्च) या संस्थेचे मिशनविषयक धोरण १९३५ मध्ये ठरले, ते याच वळणाचे आहे. ‘अपार्थाइड’ (वर्णभेद) हा शब्दही धोरणाच्या अर्थाने पहिल्यांदा १९२९ मध्ये क्रूनस्टाट येथील मिशन परिषदेत एका पाळकाच्या भाषणात आला, असे बहुधा मानले जाते. क्रम पाहता तिसऱ्या पक्षाचे पारडे जड वाटते : प्रथम सोय झाली, मग तिला मिशनशास्त्राने रीत दिली आणि राजकारणाने अखेरीस ती रीत उचलली. १९४८ मध्ये सत्तेवर आलेले पंतप्रधान डी. एफ. मालान स्वतः याच चर्चचे माजी पाळक होते.

पवित्र शास्त्रातील आधार सर्वांत शेवटी रचले गेले. १९७४ मध्ये एन. जी. कर्कच्या महासिनॉडने (सर्व प्रांतांच्या सामाईक सिनॉडने) स्वीकारलेल्या अहवालात उत्पत्ती ११ (बाबेलचा बुरूज), अनुवाद (जुन्या करारातील ग्रंथ) ३२:८ आणि प्रेषितांची कृत्ये १७:२६ या वचनांवर मदार आहे. तिसरे वचन ‘एकापासून’ सर्व राष्ट्रे निर्माण केली, असे सांगते. अहवालाने मात्र पुढच्या ‘सीमा ठरवल्या’ या शब्दांवर जोर दिला.

चार चर्चांची रचना : विसाव्या शतकात या परंपरेची चार अंगे झाली : गोऱ्यांसाठी एन. जी. कर्क, कलर्डांसाठी मिशन चर्च, कृष्णवर्णीय आफ्रिकनांसाठी प्रांतिक चर्चे एकत्र करून १९६३ मध्ये घडवलेले एन. जी. कर्क इन आफ्रिका आणि १९६८ मध्ये भारतीयांसाठी इंडियन रिफॉर्म्ड चर्च. याचेच पुढे ‘रिफॉर्म्ड चर्च इन आफ्रिका’ असे नामांतर झाले. मूळ श्रद्धाग्रंथ चारही ठिकाणी सारखेच होते : बेल्जिक विश्वासांगीकार, हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी व डॉर्टचे नियम. फरक होता तो पैशात आणि अधिकारात. पाळकांचे वेतन, इमारतींचा खर्च व शिक्षणसंस्था यांसाठी तीन चर्चे गोऱ्या चर्चच्या अनुदानावर अवलंबून राहिली आणि त्यांतील गोरे मिशनरी आपले सभासदत्व बहुधा एन. जी. कर्कमध्येच ठेवत. मिशन चर्चमध्ये उपासना चालवणारा पाळक स्वतः मात्र दुसऱ्याच मेजावर बसत असे.

आतून विरोध झाला नाही असे नाही. शार्पव्हिल येथे पोलिसांनी कृष्णवर्णीय निदर्शकांवर केलेल्या गोळीबारानंतर डिसेंबर १९६० मध्ये जोहान्सबर्गमधील कॉट्सलू येथे जागतिक चर्च परिषद व तिची दक्षिण आफ्रिकेतील सभासद चर्चे यांची परिषद झाली. मिश्रविवाहबंदीला पवित्र शास्त्रात आधार नाही, या विधानाला एन. जी. कर्कच्या केप व ट्रान्सवाल प्रतिनिधींनी तेथे संमती दिली. पंतप्रधान फेरवूर्ट यांची नाराजी जाहीर होताच त्यांच्याच सिनॉडांनी ती संमती मोडीत काढली आणि ही चर्चे जागतिक चर्च परिषदेतून बाहेर पडली. एन. जी. कर्कचे पाळक बायर्स नौदे यांनी पाळकपद गमावले, पण भूमिका सोडली नाही. १९६३ मध्ये त्यांनी स्थापन केलेल्या ख्रिश्चन इन्स्टिट्यूटवर १९७७ मध्ये सरकारने बंदी घातली.

१९८२ : ऑगस्टमध्ये कॅनडातील ओटावा येथे रिफॉर्म्ड चर्चांच्या जागतिक संघाचे अधिवेशन भरले. दक्षिण आफ्रिकेच्या कृष्णवर्णीय व कलर्ड मंडळ्यांच्या काही प्रतिनिधींनी तेथे प्रभुभोजन घेण्यास नकार दिला. मायदेशी ज्यांच्या मेजावर आम्हांला जागा नाही, त्यांच्याबरोबर येथे बसलो तर ते असत्य ठरेल, असे त्यांचे म्हणणे होते. संघाने वर्णभेदाचा प्रश्न श्रद्धेच्या गाभ्याचा (‘स्टेटस कन्फेसिओनिस’) असल्याचे जाहीर केले, वर्णभेदाच्या धर्मशास्त्रीय समर्थनाला पाखंड ठरवले, एन. जी. कर्क आणि नेडरडॉइत्स हेरफॉर्म्ड कर्क (गोऱ्यांचे दुसरे रिफॉर्म्ड चर्च) यांचे सभासदत्व निलंबित केले आणि मिशन चर्चचे पाळक ॲलन बुसाक यांना अध्यक्ष निवडले.

दोन महिन्यांनी मिशन चर्चच्या सिनॉडने हीच घोषणा केली. अशी घोषणा केल्यावर आपली श्रद्धा सकारात्मकपणे मांडणेही क्रमप्राप्त होते, म्हणून पाच जणांची समिती नेमली गेली. तीत बुसाक, याप ड्यूरांट, डर्की स्मिट, गुस्ताव बाम व इसाक मेंटर होते. पहिला खर्डा मुख्यतः स्मिट यांचा, असे सर्वसाधारण मत आहे. रचनेवर जर्मनीतील १९३४ च्या बार्मेन घोषणेची (चर्चवरील नाझी प्रभावाविरुद्ध प्रॉटेस्टंटांनी काढलेल्या निवेदनाची) छाप दिसते. मजकूर लगेच लागू न करता मंडळ्यांकडे विचारार्थ पाठवला गेला आणि चार वर्षांनी त्यावर अंतिम निर्णय झाला.

आशय : पहिले कलम त्र्यैक देवावरील विश्वासाचे व पाचवे आज्ञापालनाचे. मधली तीन अनुक्रमे ऐक्य, समेट व न्याय यांविषयी असून, त्यांत आधी विश्वासाची विधाने आणि शेवटी ‘म्हणून आम्ही अशी कोणतीही शिकवण नाकारतो’ असा नकार येतो. दुसऱ्या कलमानुसार ऐक्य हे दान आहे आणि कर्तव्यही आहे, ते दिसले पाहिजे. ‘आत्म्याने आपण एकच आहोत’ हा वेगळ्या चर्चांच्या बाजूने नेहमी केला जाणारा युक्तिवाद येथे निकाली निघतो. तिसरे कलम वंश व वर्णावरून लोकांना सक्तीने वेगळे ठेवण्यास सुवार्तेच्या नावाने मान्यता देणारी शिकवण नाकारते. पाचव्यात सत्ताधीशांनी व कायद्याने मनाई केली, शिक्षा झाली, तरी हे पाळण्याची तयारी व्यक्त केली आहे. ‘अपार्थाइड’ हा शब्द संपूर्ण अंगीकारात कोठेही नाही. नकार व्यक्तींचा नव्हे, तर शिकवणीचा आहे, असे सोबतच्या पत्रात आवर्जून सांगितले आहे. या पत्रावाचून अंगीकार वाचणे म्हणजे त्यावर अन्याय करणे होय.

सर्वाधिक वाद झाला तो चौथ्या कलमावर. अन्यायाने भरलेल्या जगात देव विशेष रीतीने गरजू, गरीब व अन्यायग्रस्त यांचा देव आहे, या वाक्यात एन. जी. कर्कमधील टीकाकारांना मुक्तिवादी धर्मशास्त्राचा (देव पीडितांच्या राजकीय मुक्तीच्या बाजूने आहे, असे मानणाऱ्या विचाराचा) वास आला. वास्तविक कलमाची भाषा स्तोत्रसंहिता व संदेष्ट्यांच्या ग्रंथांतून आलेली आहे आणि हा आक्षेप मजकुरापेक्षा बुसाक यांच्या राजकीय प्रतिमेवर अधिक आधारलेला दिसतो.

पुढील घडामोडी : १९८६ मध्ये एन. जी. कर्कने वर्णभेदाला शास्त्राधार नसल्याचे मान्य करून सभासदत्व सर्वांना खुले केले. लगेच १९८७ मध्ये नाराज सभासदांनी केवळ गोऱ्यांसाठी ‘आफ्रिकान्स प्रोटेस्टंट चर्च’ काढले. नोव्हेंबर १९९० मध्ये रस्टेनबर्ग येथे धर्मशास्त्रज्ञ विली याँकर यांनी स्वतःच्या आणि आपल्या चर्चच्या वतीने वर्णभेदाच्या पापाची कबुली दिली व अँग्लिकन आर्चबिशप डेझ्मंड टूटू यांनी ती स्वीकारली. १९९८ मध्ये एन. जी. कर्कच्या महासिनॉडने वर्णभेद केवळ परिणामांत नव्हे, तर मुळातच चुकीचा व पापमय होता असे म्हटल्यावर निलंबन उठले.

मिशन चर्च व एन. जी. कर्क इन आफ्रिका ही १४ एप्रिल १९९४ रोजी बेल्हर येथेच एकत्र येऊन ‘युनायटिंग रिफॉर्म्ड चर्च इन सदर्न आफ्रिका’ बनली. नावातील ‘युनायटिंग’ (एकत्र येत असलेले) हे रूप मुद्दाम ठेवलेले आहे, कारण उरलेल्या दोन चर्चांची वाट पाहायची होती. या एकीकरणातील कायदेशीर दोष एन. जी. कर्क इन आफ्रिकाच्या फ्री स्टेट प्रांतातील मंडळ्यांनी उघड केला. आपल्या चर्चची घटना बदलण्याचा अधिकार महासिनॉडला एकट्याने नव्हता, असे त्यांचे म्हणणे होते. १९९८ मध्ये सर्वोच्च अपील न्यायालयाने ते उचलून धरले. परिणामी एन. जी. कर्क इन आफ्रिका हे चर्च कायद्याने शिल्लक राहिले. इमारती व मालमत्ता कोणाची, याचे झगडे त्यानंतरही चालू राहिले. १८५७ मध्ये वेगळे होताना साधा ठराव पुरला होता, एकत्र येताना मात्र प्रत्येक पायरीवर कलमे आडवी आली.

एन. जी. कर्कचा अनुभवही तसाच आहे. तिच्या घटनेनुसार श्रद्धाग्रंथांत बदल करण्यासाठी प्रत्येक प्रांतिक सिनॉडमध्ये स्वतंत्रपणे दोन-तृतीयांश मते लागतात. शिवाय एकूण मंडळी-समित्यांपैकी दोन-तृतीयांश समित्यांनी, प्रत्येकीने आपापल्या दोन-तृतीयांश बहुमताने, होकार द्यावा लागतो. एका प्रांताने नकार दिला तरी प्रस्ताव पडतो. २०११ मध्ये महासिनॉडने बेल्हर स्वीकारण्याच्या दिशेने पाऊल टाकले, पण पुढील मतदानात हे बहुमत जमले नाही. त्यामुळे संयुक्त उपासना, सामायिक पाळक व एकत्रित प्रांतिक सभा हे स्थानिक पातळीवरचे मार्ग तेवढे खुले आहेत.

आफ्रिकेबाहेर रिफॉर्म्ड चर्च इन अमेरिकाने २०१० मध्ये बेल्हरला आपल्या चौथ्या श्रद्धाग्रंथाचे स्थान दिले. अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये (यू. एस. ए.) पहिला प्रस्ताव दोन-तृतीयांश प्रेस्बिटरींच्या (प्रादेशिक चर्चसभांच्या) संमतीच्या अटीमुळे थोडक्यात फेटाळला गेला, दुसरा संमत होऊन २०१६ मध्ये बेल्हरचा समावेश झाला.