घाटातला तांबडा पट्टा, समुद्रातला ऑक्सिजन

बारावीनंतर काय, ही चर्चा आपल्याकडे घरोघर होते; पण त्यात भूशास्त्र किंवा सागरविज्ञानाचं नाव क्वचितच निघतं. निघालंच तर 'मेडिकलला नंबर नाही लागला तर बघू' अशा सुरात. महाराष्ट्र-गोव्यातल्या मुलांच्या बाबतीत मला याचं फार वाईट वाटतं, कारण या विषयाची एक अव्वल प्रयोगशाळा त्यांच्या दाराशी आहे.

सह्याद्रीतला घाट घ्या. रस्त्यासाठी कापलेल्या कड्यात काळ्या कातळाचे थर भाकरीच्या चवडीसारखे एकावर एक दिसतात. हे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचे थर. झिजून झिजूनही आज हा बेसॉल्ट जवळपास ५ लाख चौरस किलोमीटरवर उरला आहे. दोन थरांच्या मध्ये पुष्कळदा विटकरी-तांबडा पट्टा असतो. हातोडी, भिंग आणि होकायंत्र घेऊन फील्डवर आलेले विद्यार्थी तिथे हमखास थांबतात. पट्टा नखाने खरवडला तरी भुगा पडतो, आणि हातभर वरचा कातळ हातोडीलाही दाद देत नाही. एक लाव्हा थंड झाला, ऊनपावसाने त्याच्या माथ्याची माती झाली, कुठे कुठे तीत ज्वालामुखीची राख येऊन पडली, आणि मग पुढचा लाव्हा त्यावरून वाहिला. दोन उद्रेकांमधली उसंत त्या पट्ट्यात साठली आहे.

ही उसंत किती वर्षांची, यावरून अजूनही वाद आहेत. एका गटाने या तांबड्या पट्ट्यांमधले झिरकॉन या खनिजाचे सूक्ष्म स्फटिक वेचले आणि त्यांतल्या युरेनियम-शिशाच्या प्रमाणावरून वय काढलं. दुसऱ्या गटाने बेसॉल्टमध्ये अडकलेल्या आरगॉन वायूवरून काढलं. दोन्ही निष्कर्ष २०१९ साली 'सायन्स' नियतकालिकात आले आणि ते पुरते जुळले नाहीत. डायनोसॉर नष्ट झाले त्याच्या ऐन आधी लाव्हाचा मोठा लोंढा आला, असं पहिला गट म्हणतो. बहुतांश लाव्हा त्यानंतर वाहिला, असं दुसरा. डायनोसॉरच्या अंतात मेक्सिकोजवळ आदळलेल्या लघुग्रहाचा वाटा किती आणि आपल्या सह्याद्रीचा किती, हा प्रश्न त्यावर अवलंबून आहे. तो सुटायचा आहे, आणि त्याचे नमुने आपल्या घाटांत आहेत.

कॉलेजात परतल्यावर त्याच कातळाची चकती घासून घासून ०.०३ मिलिमीटर जाडीची करतात. एवढी पातळ झाली की काळ्या दगडातूनही प्रकाश आरपार जातो. सूक्ष्मदर्शकाचा फिरता मंच हळूहळू वळवला की प्लॅजिओक्लेजचे काळे-पांढरे पट्टे आळीपाळीने विझतात आणि उजळतात, शेजारी पायरॉक्झिन रंगीत चमकतं. पाठ केलेली खनिजांची नावं इथे पहिल्यांदा ओळखीची होतात.

आता समुद्र. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून सौम्य आम्ल तयार होतं, ते बेसॉल्ट झिजवतं, आणि त्यातून सुटलेलं कॅल्शियम, बायकार्बोनेट नद्या समुद्रात नेतात. ग्रॅनाइटपेक्षा बेसॉल्ट लवकर झिजतो, त्यामुळे लाखो वर्षांच्या हिशेबात दख्खनचा हा कातळ हवेतला कार्बन खाली ओढत आला आहे. समुद्रात शिंपले आणि प्रवाळ तोच कार्बन चुनखडीत बांधतात. खडकाचं रसायनशास्त्र आणि समुद्राचं रसायनशास्त्र वेगळं शिकवलं की ही साखळी तुटते. म्हणून दोन्ही एकत्र शिकवणारे अभ्यासक्रम मला अधिक शहाणे वाटतात.

गोव्यात दोनापावल येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, स्थापना १९६६ची. तिच्या संशोधकांनी कांदोळीसमोरच्या समुद्रात वर्षानुवर्षं मोजमापं घेतली आहेत. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खोलातलं गार, ऑक्सिजन कमी असलेलं पाणी किनाऱ्याच्या उथळ भागात वर चढतं. त्यावर पावसाच्या गोड्या पाण्याचा पातळ थर बसतो आणि हवेतला ऑक्सिजन खाली उतरायला वाट राहत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत तळाजवळचा ऑक्सिजन संपत येतो. हे ओळखायची विंकलरची पद्धत शंभराहून जास्त वर्षं जुनी आहे. नमुन्याच्या बाटलीत हवेचा बुडबुडा राहू न देता मँगनीजचं क्षार आणि अल्कधर्मी आयोडाइड घालायचं, बूच लावून हलवायचं. ऑक्सिजन असेल तर साका तपकिरी होतो. नसेल तर पांढराच राहतो. हलत्या बोटीवर तो पांढरा साका पाहणाऱ्याला मासे तळ सोडून का जातात हे वेगळं सांगावं लागत नाही.

ज्यांना हे करावंसं वाटतं त्यांनी अकरावीत गणित सोडू नये. लाटा, भूकंप, प्रवाह यांच्याकडे गणिताशिवाय जाता येत नाही. बीएस्सीला भूशास्त्र पुण्या-मुंबईच्या अनेक कॉलेजांत आहे, सागरविज्ञान बहुधा एमएस्सीला घ्यावं लागतं. गोवा विद्यापीठात ते शिकवतात. १८५१ साली सुरू झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जायचं तर यूपीएससीची वेगळी भूवैज्ञानिक परीक्षा असते. पण कुठेही प्रवेश घेण्याआधी मुलांनी एकच चौकशी करावी: तुमच्याकडे फील्डवर किती नेतात?