स्वमग्नता आणि स्पर्शसंवेदना

स्वमग्न (ऑटिस्टिक) व्यक्तींना स्पर्श पुष्कळदा इतरांपेक्षा फार तीव्र किंवा फार मंद जाणवतो, आणि एकाच व्यक्तीत दोन्ही प्रकार आढळू शकतात. त्यांच्या अनेक शारीरिक सवयींचे मूळ इथे आहे. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये स्वमग्न मुलांचे वर्णन करताना मोठ्या आवाजांची भीती नोंदवली होती. तरी अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत संवेदनांतील वेगळेपणाला निकष म्हणून जागा मिळायला २०१३ साल उजाडले.

तक्रारी वरकरणी क्षुल्लक वाटतात. कॉलरमागचे लेबल टोचते. मोज्याची शिवण बोटांवर आली की मूल तो काढते, फिरवून पुन्हा घालते, पुन्हा काढते. शेवटी उलटा घातला की शांत होते. याला हट्ट म्हणणे सोपे असते. अंगावरचे कपडे बहुतेकांना थोड्या वेळाने जाणवेनासे होतात, अनेक स्वमग्न व्यक्तींना मात्र ते दिवसभर जाणवत राहतात. केस कापताना मशीनची थरथर, मानेवर पडलेले बारीक केस, शॉवरचे थेंब, चिकट मलम आणि नखे कापणे हेही असह्य होऊ शकते.

हलका, अनपेक्षित स्पर्श नकोसा वाटणाऱ्या पुष्कळांना घट्ट दाब मात्र हवासा वाटतो. गुरांना लस टोचताना जखडून ठेवणारा सापळा पाहून स्वतः स्वमग्न असलेल्या अमेरिकन पशुवैज्ञानिक टेंपल ग्रँडिन यांनी १९६० च्या दशकात स्वतःसाठी दाब देणारे यंत्र बनवले. असाच दाब देणाऱ्या, वजन भरलेल्या जड पांघरुणांचा बोलबाला आहे, पण २०१४ च्या एका चाचणीत त्यांनी स्वमग्न मुलांची झोप सुधारली नाही. मुलांना आणि पालकांना ती आवडली, एवढे खरे.

मंद संवेदनेकडे कमी लक्ष जाते, आणि धोका तिथेच जास्त. भाजल्याचे किंवा खरचटल्याचे उशिरा कळते. भूक, लघवीची भावना, उकाडाही वेळेवर जाणवत नाही.

हात फडफडवणे, झुलणे, चवड्यांवर चालणे, केस बोटाभोवती गुंडाळणे या सवयी ताण हलका करतात. कधी त्या निव्वळ आनंदाच्या असतात. त्या दाबून टाकायला शिकवण्याची पद्धत बराच काळ रूढ होती. लोकांदेखत त्या रोखून धरण्याने प्रचंड थकवा येतो, असे अनेक स्वमग्न प्रौढ सांगतात. खपल्या काढणे किंवा त्वचा रक्त येईपर्यंत खरवडणे याला मात्र मदत लागते. बोलू न शकणारे मूल अचानक हात चावू लागले किंवा डोके आपटू लागले, तर काही दुखत असेल म्हणून आधी कान, दात आणि पोट तपासावे.

कारणाचा शोध बराच काळ मेंदूपुरता मर्यादित होता. स्वमग्नतेशी निगडित जनुकीय बदल केलेल्या उंदरांत मेंदूबाहेरच्या, त्वचेकडून संदेश आणणाऱ्या चेतापेशींतही दोष असल्याचे २०१६ मध्ये दिसून आले. माणसांत तेच घडते का, हा प्रश्न त्या प्रयोगांनी सुटलेला नाही.